दुहेरी जास्वंदीचे बीज

वाशीपासून बेलापूरपर्यंत सिडकोच्या कोणत्याही जुन्या वसाहतीत सकाळी फेरफटका मारला, तर तळमजल्याच्या कुंपणाशी किंवा गच्चीवरच्या पिंपात लाल दुहेरी जास्वंद हमखास दिसते. पाकळ्यांचा गच्च गेंद, हिरवीगार चकचकीत पाने आणि गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्री कळ्यांवर डोळा ठेवून असलेले शेजारी, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. मात्र या झाडाला फळ धरलेले आणि त्यातून बी मिळालेले क्वचितच कोणी पाहिले असेल. आपल्या अंगणातील जास्वंद कोणा मावशींकडून आणलेल्या फांदीची, ती फांदी आणखी कोणाच्या झाडाची, अशी ही परंपरा चालत आलेली असते. झाडे शेकडो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते बहुधा एकाच झाडाचे तुकडे! दुहेरी जास्वंदीचा नवा प्रकार स्वतःच्या घरी तयार करावयाचा, तर या वांझपणाचे कारण आधी समजून घ्यावे लागते.

साध्या एकेरी जास्वंदीला पाच पाकळ्या असतात. मधोमध जो लांब दांडा बाहेर डोकावतो, ती पुंकेसरांची जुळून झालेली नळी. तिच्यावर पिवळे परागकोश असतात आणि नळीच्या आतून वर आलेल्या कुक्षीवृंताच्या टोकाला मखमली ठिपक्यांसारख्या पाच कुक्षी असतात. पराग स्वीकारण्याचे काम त्यांचे. दुहेरी फुलात या नळीवरील पुंकेसर पाकळ्यांसारखे पसरट होतात. म्हणजे जादा पाकळ्या वरून जोडलेल्या नसतात, परागांच्या बदल्यात त्या मिळालेल्या असतात. रूपांतर पूर्ण झाले की पराग जवळजवळ उरत नाहीत, अनेकदा कुक्षीही आखडते किंवा पाकळ्यांच्या गर्दीत गुदमरते. रूपांतर अर्धवट राहिले, तर खाली पाच पाकळ्यांची बशी आणि दांड्याच्या टोकाला झुबका असे 'कप-बशी' प्रकारचे फूल दिसते. घरगुती संकरासाठी असे अर्धदुहेरी फूल सोन्याच्या मोलाचे असते, कारण त्यात दुहेरीपणाही आहे आणि परागही शिल्लक आहेत.

पाश्चात्त्य हौशी मंडळी 'डे लिली' या अशाच एका दिवसाच्या फुलामागे लागलेली दिसतात. तिच्यातही दुहेरी फुलांची हीच अडचण आहे. 'क्वान्सो' नावाची नारिंगी दुहेरी डे लिली आशियातून जगभर गेली खरी, पण गुणसूत्रांच्या तीन संचांमुळे ती बी धरत नाही. तिचेही कंदच वाटावे लागतात. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत मात्र हा छंद जास्वंदीवर करणे अधिक शहाणपणाचे, कारण ती बारमाही फुलते, कुंडीत नांदते आणि देवालाही चालते.

जास्वंदीचे शास्त्रीय नाव 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस', म्हणजे 'चीनचा गुलाब'. लिनिअसने १७५३ मध्ये हे नाव दिले. त्यापूर्वीच, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून प्रसिद्ध झालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथात केरळातील 'चेंपरत्ती' म्हणून तिची नोंद झालेली आहे. गंमत अशी, की ही वनस्पती खात्रीने रानटी अवस्थेत कोठेच सापडलेली नाही. ताहितीतील 'हिबिस्कस कौटे' आणि वनुआतूतील 'हिबिस्कस कूपेराय' यांच्या प्राचीन संकरातून ती उपजली असावी, असे मत अलीकडच्या काही संशोधकांनी मांडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॉरिशसमध्ये चार्ल्स टेल्फेअर यांनी तिचा मस्कारीन बेटांवरील स्थानिक जातीशी संकर केला. पुढे हवाईत तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या छंदाला उधाण आले. आपण 'झुंबर जास्वंद' किंवा 'कातरी जास्वंद' म्हणतो ती पूर्व आफ्रिकेतील वेगळी जाती. तिचेही रक्त अनेक संकरित प्रकारांत मिसळले आहे. आपल्याकडे बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने संकरित जास्वंदी विकसित केल्या आहेत.

या सरमिसळीचा परिणाम म्हणजे निरनिराळ्या जास्वंदींमधील गुणसूत्रांची संख्या ३६ पासून थेट शंभराच्या पुढे जाते. त्यामुळे काही जोड्या कितीही प्रयत्न केले तरी जुळत नाहीत आणि ज्या जुळतात, त्यांची दोन रोपे कधी सारखी निघत नाहीत. लाल आणि पिवळा मिळून केशरी, असा चित्रकलेच्या तासाचा हिशेब येथे चालत नाही. दुहेरीपणाही असाच लहरी आहे. दोन्ही पालक एकेरी असले, तरी त्यांच्या घराण्यात दुहेरी फूल असेल तर एखादे दुहेरी रोप निघू शकते. आणि एक पालक दुहेरी असूनही बहुतांश रोपे एकेरी निघू शकतात.

तेव्हा पालकांची निवड विचारपूर्वक करावी. आई म्हणून भक्कम वाढणारी, कुक्षी ठसठशीत असलेली एकेरी किंवा अर्धदुहेरी जास्वंद घ्यावी. वडील म्हणून दुहेरी. अगदी गच्च फुलातही पाकळ्या हळूच विलग करून पाहिल्यास काही पाकळ्यांच्या कडेला पिवळे परागकोश चिकटलेले आढळतात. चारदोन जरी मिळाले, तरी एका फुलासाठी पुरेसे होतात. एकाच झाडाची फुले ऋतुमानानुसार कमी-अधिक दुहेरी येतात, म्हणून एका दिवसात पराग नाहीत असे ठरवून झाड बाद करू नये. रोपवाटिकेत 'पुणेरी' किंवा 'हायब्रीड' म्हणून मिळणाऱ्या बशीएवढ्या फुलांच्या जास्वंदी दिसायला मोहक, पण मुळांनी नाजूक असतात. नवी मुंबईचा पाऊस त्यांना सोसत नाही. मी आणलेल्या तीनपैकी दोन पहिल्याच जुलैत मुळे कुजून गेल्या. त्यांचे पराग वापरावेत, पण आईपणाचे ओझे शक्यतो देशी झाडावर टाकावे.

नवी मुंबईची हवा या कामात कधी मदत करते, कधी आडवी येते. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचे डोंगर, आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. भिजलेले पराग फुटून निकामी होतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर संकराचा विचारच नको. एप्रिल-मेच्या झळांत पराग वाळतात आणि धरलेले फळही गळते. उरतो तो दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरचा काळ. या दिवसांत हवा कोरडी असते, सकाळ थंड असते आणि झाड पावसाळी वाढीनंतर दमदार झालेले असते. नेरूळ किंवा सीवूड्समधील खाडीकडे तोंड असलेल्या वरच्या मजल्यांवर वारा फार; तेथे कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवावी.

कुंडी बारा ते चौदा इंचांची, तळाला मोठे भोक असलेली. लाल माती, कुजलेले शेणखत, जाड वाळू आणि थोडा नारळाचा भुसा हे मिश्रण उत्तम निचरा देते. दिवसातून पाच-सहा तास ऊन हवेच. त्याहून कमी असेल तर पानांची हौस भागेल, फुलांची नाही. फुलझाड म्हटले की बोनमीलचा मारा करण्याची आपल्याकडे रीत आहे. जास्वंदीला स्फुरद कमी आणि पालाश जास्त लागते, म्हणून बोनमील जपून वापरावे. पिठ्या ढेकूण दिसताच पाण्याचा जोरदार फवारा आणि नंतर निंबोळी तेल, हा उपाय वेळेवर केला तर पुरतो. मुंग्यांची रांग दिसली की ढेकूण आलेच समजावे.

आता प्रत्यक्ष संकर. जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते, त्यामुळे सगळा खेळ एका सकाळचा असतो. आईच्या झाडावरील उद्या उमलणारी, लांब झालेली कळी हेरून तिच्यावर मलमलची छोटी पिशवी बांधावी, म्हणजे मधमाश्या आणि शिंजीर पक्षी आपल्या आधी कार्यभाग उरकणार नाहीत. सकाळी फूल उमलू लागताच चिमट्याने तिचे परागकोश काढून टाकावेत. साधारण नऊ-दहाच्या सुमारास वडील फुलातील पराग पिवळ्या पिठासारखे मोकळे होतात. ते परागकोश थेट खुडून किंवा कोरड्या मऊ कुंचल्याने पाचही कुक्षींवर हलकेच टेकवावेत. पाचांपैकी एखादीच माखली तरी फळ धरू शकते, पण बिया कमी भरतात. पिशवी पुन्हा बांधावी आणि देठाला आईचे नाव, वडिलांचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवावी. चिठ्ठी शिसपेन्सिलीने प्लॅस्टिकच्या पट्टीवर लिहावी. माझी पहिल्या वर्षीची सारी नोंद मार्कर पेनाने लिहिलेली होती आणि उन्हापावसात ती पुसून गेली. दीड वर्षाने फुललेल्या एका सुंदर पीच रंगाच्या रोपाचे आईवडील कोण, हे आता कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी फूल मिटून गळते. देठ आणि हिरवा पेला जागेवर राहून आठवडाभरात आतील अंडाशय फुगू लागला, तर आशेला जागा आहे. दहा प्रयत्नांत एखादे-दुसरे फळ टिकले तरी निराश होण्याचे कारण नाही. पुष्कळ फळे दोन-तीन आठवड्यांनी पिवळी पडून गळतात. टिकलेले फळ दीड ते अडीच महिन्यांत तपकिरी होऊन पाच फाकांत तडकते. बिया उडून जाऊ नयेत म्हणून रंग बदलताच पुन्हा पिशवी बांधावी. एका फळात दोन-चार बिया निघतात किंवा वीसही.

बियांचे कवच टणक असते. टोकदार बाजू सोडून दुसऱ्या बाजूला नखकात्रीने किंचित ओरखडा द्यावा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे आणि भुसा-वाळूच्या मिश्रणात अर्धा सेंटीमीटर खोल पेरावे. आठवडा ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. चार खरी पाने आली की छोट्या पिशव्यांत हलवावे. पहिल्या पावसाळ्यात ही रोपे छपराखालीच हवीत.

खरा पेच यानंतर येतो. वीस रोपे आणि तीन फुटांची ग्रिल! पहिले फूल यायला आठ महिन्यांपासून दीड वर्ष लागते आणि बहुतेक रोपे साधारण एकेरी निघतात. ती फेकायला जीव होत नाही. सोसायटीच्या कुंपणाशी, शाळेच्या आवारात, गावच्या घरी त्यांची सोय लावावी. पूजेला आणि पक्ष्यांना ती फुले दुहेरीपेक्षा उणी नाहीत. माझ्या पाहण्यात तरी शिंजीर गच्च दुहेरी फुलाकडे फारसा फिरकत नाही. निवडलेले रोप मात्र पहिल्या फुलावर तोलू नये. पहिली फुले लहान आणि अर्धीकच्ची असतात. एक हिवाळा आणि एक पावसाळा त्याला द्यावा. कळ्या गळतात का, फूल मान टाकते का, पाने पिवळी पडतात का, हे पाहून मगच ठेवायचे की नाही ते ठरवावे.

ठेवायचे ठरले की त्याची वाढ फांदीपासूनच करावी लागते, कारण बीपासून ते पुन्हा तसेच येणार नाही. जूनच्या सरी सुरू झाल्या की पेन्सिलीएवढ्या जाडीची सहा इंची छाट कलमे लावावीत. मूळ धरत नसेल, तर देशी लाल जास्वंदीच्या खुंटावर पाचर कलम बांधावे. किमान तीन झाडे तयार करावीत आणि त्यांतील एक शेजाऱ्याकडे ठेवायला द्यावे. आपल्याकडचे मेले, तर फांदी मागायला जागा राहते.