ऑस्कर रॉबर्टसन : शाळेच्या मैदानापासून न्यायालयापर्यंत

१/
मार्च १९५५. इंडियानापोलिस शहरातील क्रिस्पस अटक्स हायस्कूलने इंडियाना राज्याची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली. केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शाळेने हे अजिंक्यपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ. विजेत्यांचा जल्लोष शहराच्या मध्यवर्ती चौकात व्हावा, ही तेथील प्रथा. या संघाची मिरवणूक मात्र चौकाला फेरी मारून कृष्णवर्णीय वस्तीतील उद्यानाकडे वळवण्यात आली.

२/
ही शाळा १९२७ मध्ये वर्णविभाजनाच्या धोरणातून उघडली होती. तेव्हा इंडियानाच्या राजकारणावर कू क्लक्स क्लॅनची मोठी छाया होती. कृष्णवर्णीयांच्या शाळांना राज्य स्पर्धेचे दार १९४२ पर्यंत बंदच होते.

३/
त्या विजेत्या संघाचा तारा होता ऑस्कर रॉबर्टसन. जन्म १९३८, टेनेसी राज्यात. बालपण इंडियानापोलिसच्या गरीब वस्तीत. प्रशिक्षक रे क्रो यांच्या कडक शिस्तीत तो घडला. १९५६ मध्ये अटक्सने सर्व ३१ सामने जिंकून अजिंक्यपद राखले. राज्याच्या इतिहासातील हा पहिलाच अपराजित विजेता.

४/
पुढे सिनसिनाटी विद्यापीठ. तेथील तीन हंगामांत त्याची सरासरी होती सामन्यामागे ३३.८ गुण. तरीही ह्यूस्टनच्या दौऱ्यात हॉटेलने त्याला प्रवेश नाकारला. सहकारी हॉटेलात राहिले. तो एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात.

५/
१९६० मध्ये रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणि त्याच वर्षी सिनसिनाटी रॉयल्सकडून व्यावसायिक पदार्पण. १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट! तिन्ही बाबतींत दोन अंकी सरासरी पुन्हा कोणाला गाठता आली ती थेट २०१६-१७ मध्ये, रसेल वेस्टब्रुकला.

६/
पण इतका थोर खेळाडूही संघमालकाच्या मुठीतच होता. करार संपला तरी खेळाडूवरील संघाचा हक्क संपत नसे. दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची मुभा नाही, म्हणून वेतन मागण्याची ताकदही नाही. एबीए ही प्रतिस्पर्धी लीग १९६७ मध्ये सुरू झाली, तेव्हा खेळाडूंना पर्याय मिळाला. लवकरच दोन्ही लीगच्या विलीनीकरणाच्या हालचाली सुरू झाल्या. ते झाले असते, तर तो पर्यायही गेला असता.

७/
रॉबर्टसन १९६५ पासून खेळाडू संघटनेचा अध्यक्ष होता. एप्रिल १९७० मध्ये त्याच्या नावाने एनबीएविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल झाला. न्यायालयाने विलीनीकरण रोखून धरले.

८/
दावा चालू असतानाच, १९७१ मध्ये, मिलवॉकी बक्सकडून त्याने एनबीएचे एकमेव विजेतेपद पटकावले. तरुण ल्यू अल्सिंडर, म्हणजेच पुढचा करीम अब्दुल-जब्बार, या संघात त्याचा सहकारी होता. १९७४ मध्ये रॉबर्टसन निवृत्त झाला. दावा मात्र अनिर्णितच होता.

९/
अखेर १९७६ मध्ये तडजोड झाली. विलीनीकरणास वाट मिळाली. त्या बदल्यात करारानंतरही खेळाडूला बांधून ठेवणारी जुनी व्यवस्था टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. त्या स्वातंत्र्याचा उपभोग खुद्द रॉबर्टसनला घेता आला नाही. आज एनबीएचे खेळाडू करार संपताच नव्या संघाशी वाटाघाटी करतात, कोट्यवधी डॉलर मिळवतात. त्यामागील मूळ तरतूद आजही ‘ऑस्कर रॉबर्टसन नियम’ याच नावाने ओळखली जाते.