हाताशी काय, डोळ्यांसमोर काय

घरी विमान बांधायला काढलेल्या माणसाला पाहुणे विचारतात ते पंखांबद्दल आणि इंजिनाबद्दल. पण त्याचे रात्रीचे जागरण बहुधा वेगळ्याच गोष्टीपायी होते. वैमानिकापुढच्या जेमतेम हात-सव्वा हात रुंद फळीवर वेगमापक कुठे बसवायचा, रेडिओ कुठे, इंधनाची चावी कोणत्या हाताला, बॅटरी नाकात की आसनामागे, हे त्याला ठरवायचे असते. कारखान्यातल्या विमानात हे निर्णय आधीच होऊन गेलेले असतात. घरच्या विमानात ते एकट्याने घ्यावे लागतात. अर्थात तो एकटा असतो हे म्हणण्यापुरतेच. त्याच्या फळीवरील प्रत्येक जागेमागे सव्वाशे वर्षांचे खटाटोप आणि अपघात उभे आहेत. ती वाट आपण मुळापासून चालून पाहू.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले तेव्हा त्यावर तीन उपकरणे होती: हवेतून कापलेले अंतर मोजणारे एक फ्रेंच वायुमापक, एक थांबघड्याळ आणि इंजिनाचे फेरे मोजणारा गणक. पण ती वैमानिकाने पाहावीत म्हणून बसवलेलीच नव्हती. ऑर्व्हिल पालथा पडून विमान हाकत होता. एकच दांडी ओढली की इंजिन आणि ही तिन्ही उपकरणे एकदम थांबत, आणि आकडे वाचायचे ते जमिनीवर उतरल्यानंतर. उपकरण उडण्यासाठी नव्हते, नोंदीसाठी होते. ते वैमानिकाच्या नजरेसमोर असावे ही कल्पना त्या सकाळी कुणाच्या मनात नव्हती. तिचा पहिला धागा सापडतो पॅरिसमध्ये, आणि तोही एका जवाहिऱ्याच्या पेढीत. ब्राझीलचा आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ वायुनौका चालवताना दोन्ही हात गुंतलेले असल्याने खिशातले घड्याळ काढू शकत नसे. १९०४च्या सुमारास त्याचा मित्र लुई कार्तिए याने त्याच्यासाठी मनगटावर बांधायचे घड्याळ घडवले. उपकरण हात न हलवता, नजरेच्या टप्प्यात हवे, ही मागणी पुरी करणारे ते पहिलेच साधन असावे. पुढच्या सगळ्या फळ्या मला त्या घड्याळाच्याच लेकी-नाती वाटतात. याच सांतोस-द्युमाँने बांबूच्या सांगाड्याचे ‘द्म्वाझेल’ नावाचे चिमुकले विमान रचले, त्याचे एकस्व घेतले नाही, आणि १९१०मध्ये त्याचे आराखडे ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकी मासिकात छापून आले. घरी विमान बांधणाऱ्यांचे कूळही असे त्याच्यापाशीच जाऊन पोहोचते.

पहिल्या महायुद्धात होकायंत्र, उंचीमापक, वेगमापक आणि फेरेमापक ही चौकडी विमानात रुजली, पण जागा मात्र ज्याला जिथे फट सापडली तिथे. एका विमानातून दुसऱ्यात गेलेल्या वैमानिकाला पुन्हा सारे शोधत बसावे लागे. दिवसा, मोकळ्या हवेत त्याने फारसे बिघडत नसे. खरी सत्त्वपरीक्षा ढगात आणि अंधारात होती. क्षितिज दिसेनासे झाले की माणसाचा आतला कान त्याला सर्रास फसवतो, आणि विमान गिरक्या घेत असताना त्याला ते सरळ चालल्यासारखे वाटते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल या वैमानिकाने आपली बैठक पडद्याने पूर्ण झाकून घेतली आणि स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक गायरो आणि कॉल्समनचा संवेदनशील उंचीमापक यांच्या जोरावर सुमारे पंधरा मिनिटांचे उड्डाण करून विमान सुखरूप उतरवले. पुढच्या बैठकीत बेन केल्सी खबरदारीसाठी होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. त्या दिवसापासून फळी ही खिडकीची बदली झाली. मग ‘काय बसवायचे’ या प्रश्नाइतकाच ‘कुठे बसवायचे’ हा प्रश्नही जिवावरचा ठरला. १९३०च्या दशकात ब्रिटिश हवाई दलाने सहा उपकरणांची एक ठरीव चौकट पक्की केली. वरच्या ओळीत वेगमापक, कृत्रिम क्षितिज, चढ-उताराचा दर. खालच्या ओळीत उंचीमापक, दिशादर्शक, वळणमापक. विमान बदलले तरी चौकट तीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची फेरमांडणी झाली आणि आजही चालणारी टी-आकाराची रचना आली: मधोमध क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा.

आपल्याकडे पाहू गेल्यास १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते रेडिओविना, एकाच इंजिनाच्या पस मॉथमधून, दिवसाउजेडी. रात्रीची टपालसेवा यायला १९४९चा जानेवारी उजाडावा लागला, आणि तिथे नागपूर या गोष्टीत शिरते. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास इथून रात्री निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. जवळपास पाव शतक, १९७३पर्यंत, देशाचे टपाल असे नागपुरात गाठीभेटी घेत होते. सातपुड्याच्या काळोखावरून येणाऱ्या त्या वैमानिकांची सारी भिस्त मंद उजेडातल्या काट्यांवर होती. नागपूरकर संत्र्यांचा अभिमान भरभरून सांगतात, या रात्रींचा मात्र क्वचितच.

त्या डाकोटाची एक जुनी साक्ष इथेच नोंदवायला हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने धड उतरून धावपट्टीवर आल्यावर अचानक पोटावर बसत. ठपका अर्थातच वैमानिकांच्या निष्काळजीपणावर येई. १९४३मध्ये आल्फॉन्स शापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने ती बैठक तपासली. चाके वर घेण्याची आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) मिटण्याची बटणे अगदी सारखी होती आणि शेजारीशेजारी बसवलेली होती. दमलेला हात फ्लॅपऐवजी चाके ओढत होता. सी-४७मध्ये, म्हणजे डाकोटाच्याच लष्करी भावंडात, मांडणी वेगळी असल्याने हा घोळ होत नव्हता. शापानिसने उपाय सुचवला तो पोरखेळ वाटावा इतका साधा: चाकांच्या दांडीला रबरी चाकाची मूठ, फ्लॅपच्या दांडीला पाचरीसारखी. या आकारांना पुढे नियमांत जागा मिळाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा वळणबिंदू हाच. गायरोने वैमानिकाला नवे डोळे दिले, पण ‘चूक माणसाची’ या निकालाआधी ‘जागा कुणी ठरवली’ हे विचारायला शापानिसने लावले.

स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये या प्रश्नाशी एका मराठी माणसाची गाठ पडली. डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे, गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१मध्ये उडाले. त्यात गुरू-शिष्य एकामागे एक बसत, म्हणजे उपकरणे दोनदा मांडायची आणि शिक्षकाला विद्यार्थ्याचे हात दिसायचे नाहीत. १९५८च्या ‘पुष्पक’मध्ये आणि १९६४च्या ‘किरण’मध्ये दोघे शेजारी आले. एका फळीत दोघांचे भागू लागले, पण शेजारच्याला काटे तिरपे दिसतात आणि मधल्या दांड्या दोघांच्याही हाताला याव्या लागतात, हे नवे त्रांगडे आले. देशभरच्या फ्लाइंग क्लबांतल्या कित्येकांनी पहिले हात साफ केले ते याच पुष्पकवर.

इकडे घरगुती बांधणीची वाट वेगळी चालली होती. १९३०च्या दशकात फ्रान्सच्या आंरी मिन्येने सामान्य माणसासाठी रचलेले विमान अपघातांनी बदनाम झाले; १९५३मध्ये मिलवॉकीला पॉल पोबरेझ्नीने हौशी बांधकऱ्यांची संघटना उभी केली; आणि १९७०च्या दशकात बर्ट रुटानने फायबर-फोमची, शेपूट पुढे काढलेली विमाने आणली. त्याच्याच ‘लाँग-ईझी’च्या धर्तीवर बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिक प्रयोगशाळेने बांधलेले विमान १९८७मध्ये उडाले. या लाँग-ईझीच्या आराखड्यात इंधनाची चावी पुढे, वैमानिकाच्या पायांदरम्यान होती. अमेरिकेतल्या एका बांधकऱ्याने इंधनाच्या नळ्या बैठकीत नकोत म्हणून ती मागे, डाव्या खांद्याच्या पाठीमागे नेली. हेतू वाईट म्हणता येत नाही. पुढे ते विमान विख्यात गायक जॉन डेन्व्हर यांनी विकत घेतले, आणि १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ते समुद्रात कोसळले. तपासात दिसले ते असे: चावीवर खुणा नव्हत्या, ती फिरवायला जड होती, आणि तिच्यापर्यंत हात न्यायला पूर्ण वळावे लागे, वळताना उजवा पाय नकळत रडरवर दाबला जाण्याचा धोका होता. इंधन दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागे होत्या. त्या पाहता याव्यात म्हणून डेन्व्हर यांना एक छोटा आरसा देण्यात आला होता. १९९९च्या अहवालाने कारणांत चावीची ती जागा स्पष्ट नोंदवली.

घरगुती बांधणीची महाराष्ट्रातली ठळक घटना अलीकडची आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमधील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी टीएसी-००३ बांधले. फेब्रुवारी २०१६मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले; २०१७मध्ये नोंदणी झाली, २०१९मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. परवानग्यांचीच कहाणी लोकांना ठाऊक आहे. पण सहा आसनांच्या विमानात मांडणीचा पेच किती वाढतो हे वजनाच्या हिशेबात दिसते. प्रत्येक वस्तूचे वजन गुणिले तिचे ठरावीक बिंदूपासूनचे अंतर, या गुणाकारांच्या बेरजेतून गुरुत्वमध्य निघतो. तो ठरलेल्या मर्यादेत एकटा वैमानिक असतानाही राहायला हवा आणि सहा जण बसल्यावरही. म्हणून बॅटरीसारखी जड वस्तू कधी इंजिनाच्या भिंतीजवळ तर कधी आसनांमागे जाते, आणि तिच्यामागोमाग जाड तारा.

नागपूर शहराच्या दक्षिणेला मिहान या औद्योगिक क्षेत्राकडे गेल्यास या वाटेचे आजचे टोक दिसते. तिथल्या दसॉल्ट-रिलायन्सच्या कारखान्यातून फाल्कन २००० या व्यावसायिक जेटचा पुढचा भाग, म्हणजे वैमानिकांच्या बैठकीचाच सांगाडा, २०१९पासून बाहेर पडू लागला. त्या बैठकीत काट्यांची जागा पडद्यांनी घेतली आहे, आणि हौशी बांधकऱ्याच्या फळीवरही गेल्या वीस वर्षांत तेच झाले. तरी तो आजही आधी पुठ्ठ्याची फळी कापतो, उपकरणांची चित्रे चिकटवतो, पट्टा आवळून बसतो आणि डोळे मिटून इंधनाची चावी, अग्निशामक, दाराची कडी हाताला लागते का ते पाहतो. रेडिओची पेटी मागे बरीच खोल जाते, तेव्हा फळी आणि इंजिनाच्या भिंतीमधले अंतर मोजतो. होकायंत्र लोखंडी स्क्रू आणि तारांपासून दूर ठेवतो. नागपूरसारख्या गावी त्याला आणखी एक पथ्य पाळावे लागते. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि काचेखालच्या बैठकीत त्याहून वर. नकाशासाठी उन्हात टांगलेली टॅब्लेट अशा वेळी तापून स्वतःहून बंद पडते. म्हणून तो तिला वाऱ्याच्या झोताखाली, सावलीत जागा देतो, आणि पडद्यांच्या बाजूला वीज न लागणारा एक वेगमापक व एक उंचीमापक बसवून घेतो, तेही जुन्याच क्रमाने: वेग डावीकडे, उंची उजवीकडे.