जंबुद्वीपाचें फळ

संकल्प सोडतांना आपण ज्या जंबुद्वीपाचा उच्चार करतों, त्याचें भाषांतर अनेक इंग्रज पंडितांनीं 'गुलाबजांबांचें बेट' असें करून ठेविलें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. (वऱ्हाडांतील वाचकांनीं येथें जांब म्हणजे पेरू समजूं नये!) गार्सिया द ओर्त या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत जांभूळ निराळें वर्णिलें असून, जांबाचें झाड मलाक्क्याहून येऊन फार वर्षें झालीं नाहींत, असें म्हटलें आहे. मग पुराणकारांस तें ठाऊक कोठून असणार?

शिवाय फळच हातांत घेऊन पाहावें. रंग फिकट पिवळा, वास थेट गुलाबपाण्याचा, गर कुरकुरीत परंतु पातळ. आंत पोकळी, आणि हालविल्यास बी खुळखुळतें. विष्णुपुराणांत तर गंधमादनावरील जंबूवृक्षाचीं हत्तीएवढीं फळें पडून फुटतात व त्यांच्या रसाची नदी वाहते. या खुळखुळ्यांतून नदी कशी वाहावी? ती रसाळ जांभळाचीच. डॉमिनिक वुजास्टिक यांनींही २००४ सालीं जांभळाच्याच बाजूनें निर्वाळा दिला. लिनियसनें १७५३ सालीं या पाहुण्या फळालाच 'जांबोस' हें नांव दिलें. घोटाळ्याचें मूळ आम्हांस तेथें दिसतें.