विमानप्रवास आणि रेडिओ स्कॅनर

रेडिओ स्कॅनर हे एकामागून एक अनेक वारंवारता आपोआप तपासणारे आणि संदेश सापडताच तेथे थांबून तो ऐकवणारे ग्राही यंत्र आहे. विमानांची ये-जा पाहण्याची आवड असलेले लोक वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातील संभाषण ऐकण्यासाठी त्याचा वापर करतात. विमानप्रवासाच्या संदर्भात या उपकरणाविषयी तीन वेगवेगळे प्रश्न उद्भवतात : ते सामानातून नेता येते काय, विमानात चालू करता येते काय, आणि जेथे उतरायचे त्या देशात ते बाळगण्याची व त्यावर ऐकण्याची परवानगी आहे काय. या तिन्ही प्रश्नांना वेगवेगळे नियम लागू होतात. म्हणून एकाचे उत्तर होकारार्थी आले तरी उरलेल्या दोहोंचे तसेच असेल असे नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळासारख्या ठिकाणी, जेथे नागरी व लष्करी विमाने एकच धावपट्टी वापरतात, हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

उपकरणाचे स्वरूप

नागरी विमानांचे ध्वनिसंभाषण जगभर मुख्यतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. एफएम प्रसारणाचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा याच्या खालीच आहे. या दोहोंच्या मधला १०८ ते ११८ मेगाहर्ट्झचा भाग विमानांना दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरील यंत्रणांसाठी राखून ठेवलेला आहे. लष्करी विमाने यांखेरीज २२५ ते ४०० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरतात. १२१.५ मेगाहर्ट्झ ही आंतरराष्ट्रीय संकटकालीन वारंवारता होय.

विमानांचे संभाषण एएम पद्धतीने, म्हणजे लहरींचा जोर कमी-जास्त करून, पाठवले जाते. एफएम पद्धतीत दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागल्यास प्रबळ केंद्र दुसऱ्याला पूर्णपणे दाबून टाकते. एएम पद्धतीत मात्र शिट्टीसारखा आवाज येऊन दुसरे कोणीतरी बोलत असल्याचे नियंत्रकाच्या ध्यानात येते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा गुण उपयोगी असल्याने ही जुनी पद्धती आजही टिकून आहे. त्यामुळे घरातील साध्या एफएम रेडिओवर हे संभाषण ऐकू येत नाही आणि त्यासाठी स्कॅनर लागतो.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. विमानाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणल्यास त्याचा संदेश जमिनीवर साधारण किती किलोमीटरपर्यंत पोहोचेल हे कळते. १०,००० मीटर उंचीवरील विमानासाठी हे अंतर सुमारे ४१२ किलोमीटर येते, तर ९०० मीटर उंचीवरील विमानासाठी सुमारे १२४ किलोमीटर. जमिनीवरील नियंत्रण मनोऱ्याचा आवाज मात्र टेकड्या व इमारती यांमुळे थोड्या अंतरावरही अडतो.

ग्राही यंत्रातून निघणाऱ्या लहरी

स्कॅनर केवळ ऐकतो, बोलत नाही. मग विमानात त्याला बंदी का, अशी शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. बहुतेक रेडिओ ग्राही सुपरहेटरोडाइन पद्धतीने चालतात. आलेली लहर थेट न वापरता यंत्रातील आंदोलकाने निर्माण केलेल्या दुसऱ्या लहरीशी तिची सांगड घातली जाते आणि दोहोंच्या फरकातून एक ठरावीक मधली वारंवारता मिळवली जाते. आंदोलकाची ही लहर अत्यंत क्षीण असली, तरी तिचा काही अंश यंत्राबाहेर झिरपतो. म्हणजे ग्राही यंत्र अभावितपणे एक छोटे प्रेषक यंत्रही असते.

पुण्यात विविध भारतीचे प्रसारण १०१ मेगाहर्ट्झवर होते. एफएम रेडिओतील मधली वारंवारता सामान्यतः १०.७ मेगाहर्ट्झ असते. आंदोलक ऐकण्याच्या वारंवारतेच्या वर ठेवण्याची रूढ रचना असेल, तर १०१ मेगाहर्ट्झ ऐकणाऱ्या रेडिओत आंदोलक १११.७ मेगाहर्ट्झवर चालतो. विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणणारी लोकलायझर ही यंत्रणा १०८ ते ११२ मेगाहर्ट्झ या भागातच काम करते. याच रचनेच्या स्कॅनरवर १२२ मेगाहर्ट्झ ऐकताना आंदोलक १०.७ मेगाहर्ट्झने खाली ठेवलेला असेल, तर त्याची लहर १११.३ मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच पट्ट्यात, पडते. आधुनिक स्कॅनरांत मधली वारंवारता निराळी असू शकते. परंतु स्कॅनर सतत वारंवारता बदलत असल्याने त्याचा आंदोलकही सतत जागा बदलतो, आणि तो कोणत्या क्षणी कोठे असेल हे प्रवाशाला वा वैमानिकाला बाहेरून कळत नाही.

प्रवासी कक्षातील उपकरण विमानाच्या आकाशकांपासून काही मीटरवरच असते, तर जमिनीवरील मार्गदर्शक यंत्रणा अनेक किलोमीटर दूर असते. त्यामुळे क्षीण लहरही दुर्लक्षणीय मानता येत नाही. ढगाळ हवामानात विमान उतरत असताना वैमानिकाचा सर्व भरवसा याच यंत्रणेवर असतो.

विमानातील वापरावरील निर्बंध

प्रवाशांच्या विद्युत उपकरणांवरील निर्बंधांचा उगम भ्रमणध्वनीत नसून रेडिओत आहे. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत हातात नेण्याजोग्या एफएम रेडिओंमुळे दिशादर्शक यंत्रणेत व्यत्यय येतो असे दिसून आले आणि त्यांच्या विमानातील वापरावर बंदी आली. पुढे हा निर्बंध सर्वच विद्युत उपकरणांना लागू झाला. श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर, ध्वनिमुद्रक व विजेवर चालणारा दाढीचा वस्तरा यांना सूट देण्यात आली. रेडिओ ग्राही त्या यादीत नव्हता.

भारतात विमान नियम १९३७ मधील नियम २९-ब याच स्वरूपाचा आहे. एप्रिल २०१४ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, भ्रमणध्वनी व टॅबलेट ‘फ्लाइट मोड’मध्ये उड्डाणभर वापरण्यास अनुमती दिली. २०१८ च्या नियमांनी ३,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर विमानातील इंटरनेट सेवेचा मार्ग मोकळा केला. या सवलती स्कॅनरला लागू पडत नाहीत. फ्लाइट मोड म्हणजे उपकरणातील रेडिओचा भाग बंद करून उरलेले उपकरण वापरणे. स्कॅनरमधील रेडिओ बंद केला तर वापरण्यासारखे काहीच उरत नाही. शिवाय विमानातील वाय-फाय यंत्रणा त्या विमानावर तपासून बसवलेली असते, तशी तपासणी प्रवाशाच्या खासगी स्कॅनरची झालेली नसते. अंतिम अधिकार विमानाच्या मुख्य वैमानिकाचा असतो आणि त्याच्या सूचनेनुसार उपकरण बंद करणे प्रवाशावर बंधनकारक असते.

अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सने आपल्या काही विमानांत प्रवाशांना हे संभाषण हेडफोनवर ऐकण्याची सोय ‘चॅनल ९’ या नावाने दिली होती. तेथे प्रवासी आवाज विमानाच्याच यंत्रणेतून घेत असल्याने व्यत्ययाचा प्रश्न येत नसे आणि ती सोय चालू ठेवणे वैमानिकाच्या इच्छेवर असे.

सामानातून वाहतूक

विमानसुरक्षेच्या दृष्टीने बंद स्थितीतील स्कॅनर हे विद्युतघटावर चालणारे एक सामान्य उपकरण असते. धोका असतो तो लिथियम घटांपासून. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांनुसार १०० वॅट-तासांपर्यंतचे घट असलेली उपकरणे नेता येतात; १०० ते १६० वॅट-तासांच्या घटांसाठी विमान कंपनीची पूर्वसंमती लागते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकाराने वॅट-तास मिळतात. ७.४ व्होल्ट व २ अँपिअर-तासांचा घट १४.८ वॅट-तासांचा भरतो. त्यामुळे हातातील स्कॅनर या मर्यादेच्या बराच आत असतो. सुटे लिथियम घट मात्र नोंदवलेल्या सामानात ठेवता येत नाहीत. ते टोके झाकून हातातील सामानातच न्यावे लागतात, कारण कक्षात आग लागल्यास ती विझवता येते.

आकाशक व बटणे असलेला स्कॅनर वॉकी-टॉकीसारखा दिसतो. सुरक्षा तपासणीत तो वेगळा काढून दाखवण्यास किंवा चालू करून दाखवण्यास सांगितले जाऊ शकते. तो ग्राही आहे की प्रेषक, हे क्ष-किरण प्रतिमेवरून ठरत नाही. उपकरणाची माहितीपुस्तिका व खरेदीची पावती जवळ असल्यास हा खुलासा सोपा होतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा १९३३ अन्वये बिनतारी उपकरण परवान्यावाचून बाळगणे हाच अपराध ठरवण्यात आला. या व्याख्येत ग्राही यंत्रेही येत असल्याने घरच्या रेडिओसाठीही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि त्याच्या पुस्तिकेवर दरवर्षी शुल्काची नोंद होत असे. १९८०च्या दशकात प्रसारण ऐकण्याच्या रेडिओसाठी ही अट रद्द झाली. ही मोकळीक प्रसारण ऐकण्यापुरती होती. विमान, पोलीस वा लष्कर यांच्या वारंवारता ऐकणारे यंत्र तिच्यात आपोआप समाविष्ट होत नाही.

१९३३ च्या कायद्याने ग्राही व प्रेषक यांत शिक्षेच्या बाबतीत भेद केला होता. प्रेषक यंत्र बाळगण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची, तर इतर उपकरणांसाठी पहिल्या अपराधास १०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. दूरसंचार कायदा २०२३ टप्प्याटप्प्याने अमलात येत असून त्यात संदेश बेकायदा ऐकण्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले आहे. त्यातील कलम ४२ अन्वये या कृत्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. बिनतारी उपकरणांचे परवाने व आयातीची संमती हे विषय दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेकडे आहेत.

परदेशात सहज विकत मिळणारी वस्तू भारतात अडचणीची ठरते, याचे परिचित उदाहरण उपग्रह फोनचे आहे. थुराया व इरिडियम या जाळ्यांचे फोन भारतात विनापरवाना आणण्यास मनाई असून गोव्यासह अनेक विमानतळांवर अशी उपकरणे बाळगणाऱ्या परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकी व तत्सम उपकरणांच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

इतर देशांतील स्थिती

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतील १७ वे कलम सामान्य जनतेसाठी नसलेले संदेश अनधिकृतपणे ऐकण्यास व प्रकट करण्यास प्रतिबंध करण्याची जबाबदारी सदस्य राष्ट्रांवर टाकते. तिचा अर्थ प्रत्येक देशाने आपापल्या परीने लावला आहे. अमेरिकेत विमानांचे संभाषण ऐकणे १९८६ च्या कायद्यानुसार वैध आहे. तेथे भ्रमणध्वनीच्या वारंवारता ऐकणाऱ्या स्कॅनरच्या निर्मितीवर व आयातीवर १९९४ पासून बंदी आहे. ब्रिटनमध्ये स्कॅनर बाळगता येतो, परंतु २००६ च्या कायद्याच्या कलम ४८ अन्वये आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकणे अपराध आहे. जपानमध्ये कायद्याचा रोख ऐकलेला मजकूर इतरांना सांगण्यावर व त्याचा उपयोग करण्यावर आहे.

अमेरिकेत वैधपणे घेतलेला स्कॅनर लंडनमार्गे मुंबईस आणि तेथून पुण्यास आणणारा प्रवासी अशा रीतीने एकाच प्रवासात तीन कायद्यांच्या कक्षेतून जातो. वस्तू तीच राहते, तिचा कायदेशीर अर्थ मात्र बदलत जातो.

लोहगाव आणि वाघोली

पुण्याचा लोहगाव तळ १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारण्यात आला. आज तो भारतीय हवाई दलाचा महत्त्वाचा तळ असून सुखोई-३० एमकेआय विमाने २००२ मध्ये येथूनच सेवेत दाखल झाली. प्रवासी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे आहे. धावपट्टी आणि हवाई वाहतुकीचे नियंत्रण हवाई दलाकडे आहे. नागरी वैमानिक ज्या नियंत्रकाशी बोलतो तो हवाई दलाचा असतो. त्यामुळे ‘फक्त प्रवासी विमाने ऐकतो’ हा खुलासा येथे पुरेसा ठरत नाही.

नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. ते विमानतळाच्या पूर्वेस सहा-सात किलोमीटरवर असून धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडून उतरणारी विमाने या परिसरावरून खाली येतात. उतरण्याचा नेहमीचा कोन ३ अंशांचा असल्याने धावपट्टीच्या टोकापासून ५ किलोमीटरवर विमानाची उंची २६० मीटरच्या आसपास असते. याच टप्प्यात विमान लोकलायझरसारख्या मार्गदर्शक यंत्रणेवर अवलंबून असते आणि कक्षात चालू असलेल्या ग्राही यंत्राचा व्यत्यय येथे सर्वाधिक महागात पडू शकतो. जमिनीवरील स्कॅनरपासून विमानाला होणारा व्यत्यय अंतरामुळे नगण्य असतो. तेथे प्रश्न उरतो तो परवान्याचा व गोपनीयतेचा.

संरक्षण दलांच्या विमानतळांवर छायाचित्रणास मनाई असते. मे २०२५ मध्ये डीजीसीएने, पश्चिम सीमेजवळील विमानतळांचा विशेष उल्लेख करून, अशा तळांवर उड्डाण व अवतरण करताना १०,००० फुटांखाली खिडक्यांचे पडदे बंद ठेवण्याचा आदेश दिला होता. शासकीय गुपिते कायदा १९२३ अन्वये संरक्षण तळ हे निषिद्ध स्थान असल्याने तेथील हालचालींची नोंद करणे वा ती प्रसारित करणे गंभीर चौकशीचा विषय होऊ शकते.

छंदाचे अधिकृत मार्ग

रेडिओची आवड असणाऱ्यांसाठी भारतात हौशी रेडिओ सेवेचा, म्हणजेच हॅम रेडिओचा, परवाना हा रूढ मार्ग आहे. १९७८ च्या नियमांनुसार वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकास परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. परवानाधारकास व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाम मिळते. हा परवाना हौशी सेवेसाठी नेमून दिलेल्या पट्ट्यांपुरता असतो. विमानांचे संभाषण ऐकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. हॅम उपकरण घेऊन प्रवास करणाऱ्याने परवान्याची प्रत जवळ बाळगावी लागते आणि विमानात ते बंदच ठेवावे लागते.

परदेशात स्कॅनर वापरणारा प्रवासी भारतात येताना तो मागे ठेवून येऊ शकतो अथवा आणण्यापूर्वी दूरसंचार विभागाची संमती घेऊ शकतो. विमानतळावर उतरल्यानंतर दिलेला खुलासा या संमतीची जागा घेऊ शकत नाही.