सिग्नलवर जुनी गाडी आपोआप रेस होते? स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

मे महिन्यातली दुपार, नागपूरचा व्हरायटी चौक, लाल सिग्नल. पंधरा-वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, तरी इंजिन पेडल दाबल्यासारखं ओरडतंय. कधी आवाज चढतो, कधी इतका उतरतो की गाडी बंद पडेल असं वाटतं. गॅरेजमध्ये नेली की बऱ्याचदा दोन मिनिटांत एक स्क्रू फिरवला जातो, आवाज खाली येतो आणि गाडी घरी येते. आठवड्यानं पुन्हा तेच.

स्क्रू फिरवून आवाज कमी होतो, पण बिघाड जागच्या जागी राहतो. त्या बिघाडाचा संबंध कधीकधी थेट ब्रेकशी असतो. म्हणून तो शोधणं महत्त्वाचं.

आयडलिंग म्हणजे काय?

पेडल न दाबता इंजिन ज्या वेगानं फिरत राहतं, ते आयडलिंग. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत हा वेग मिनिटाला साधारण ७५० ते ९५० फेरे असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर सापडेल.

एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं. पेट्रोल गाडीत पेडल दाबल्यावर आधी हवेची झडप उघडते, तिलाच थ्रॉटल म्हणतात. जेवढी हवा आत जाईल, त्या हिशेबानं पेट्रोल येतं. म्हणजे पाय न ठेवता वेग वाढला, तर पहिला प्रश्न एकच: ही जास्तीची हवा आली कुठून?

प्रत्येक वेळी बिघाडच असतो असं नाही

थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं वेग जास्त असतो आणि हळूहळू उतरतो. एसी लावल्यावरही तो थोडा वाढतो. दोन्ही ठीक. बॅटरी काढून परत लावली असेल, तर इंजेक्शनच्या गाड्यांचा कॉम्प्युटर आयडलिंग नव्यानं शिकतो, त्यामुळे थोडा वेळ गडबड होऊ शकते. गरम इंजिन, एसी बंद, तरीही वेग चढलेला किंवा वर-खाली होणारा असेल, तर मात्र शोध घ्यायला हवा.

आधी गाडीचा प्रकार ओळखा

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली ती कार्बोरेटर घेऊन. २००० च्या आसपास पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणारं इंजेक्शन आलं. डॅशबोर्डवर ओढायचा चोक असेल, तर गाडी कार्बोरेटरची.

पहिली तपासणी: झडप पूर्ण बंद होते का?

इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा आणि कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा. थ्रॉटलची पट्टी झटकन जागेवर यायला हवी. ती अडखळत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर केबलमध्ये धूळ किंवा गंज असू शकतो, केबल फार ताणलेली असू शकते किंवा परत ओढणारी स्प्रिंग थकलेली असू शकते. पायाखालची मॅटही पेडलमध्ये अडकते. कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण आत गेलाय का, तेही बॉनेटखाली बघा. डॅशबोर्डवरची खुंटी आत गेली तरी केबल अडकल्यानं चोक अर्धवट लागलेला राहू शकतो.

दुसरी तपासणी: चोरवाटेनं हवा जाते का?

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. अशा उन्हात बॉनेटखालच्या रबराचं काय होत असेल याची कल्पना करा. वर्षानुवर्षं तापून व्हॅक्यूम पाईप कडक होतात, त्यांच्या टोकांना भेगा पडतात. थ्रॉटल बंद असला तरी हवा भेगेतून इंजिनात शिरते.

इंजिन सुरू असताना 'सूऽऽ' असा आवाज येतो का, ते ऐका. पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून हात व कपडे लांब ठेवा. बारीक व्हॅक्यूम पाईप एकेक करून पक्कडीनं हलकेच दाबा. ज्याला दाबल्यावर आवाज एकदम बदलतो, त्या वाटेवर संशय घ्या. कार्बोरेटरखालचं किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केटही तपासून घ्या. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर शिंपडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती आगीला आमंत्रण देणारी आहे, तुमच्या गाडीवर होऊ देऊ नका.

यातला सर्वांत महत्त्वाचा पाईप ब्रेक बूस्टरकडे जातो. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. ते तसंच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. कडकच राहिलं, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

तिसरी तपासणी: कॉम्प्युटरला खोटी माहिती मिळते का?

३० मे २०२४ आठवतोय? रामदासपेठेतल्या हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता.

इंजेक्शनच्या गाडीत नेमकं हेच होतं, फक्त उलट दिशेनं. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडला की कॉम्प्युटरला भर मे महिन्यातही इंजिन थंड आहे असं वाटतं. मग तो जास्त हवा आणि पेट्रोल देत राहतो. कूलंट कमी झालं आणि सेन्सरपाशी हवेचा फुगा अडकला, तरी हाच परिणाम होतो. त्यामुळे आधी कूलंटची पातळी बघा, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

वेग लाटेसारखा वर-खाली होत असेल, तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हमध्ये साचलेली काजळी साफ करून घ्या. हवेची गळती असेल तरही हा खेळ चालतो. वेग फार वाढला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, वेग पडला की पुन्हा देतो, आणि हे चक्र सुरू राहतं.

स्क्रू सगळ्यात शेवटी

वरचं सगळं ठीक असेल, तरच कार्बोरेटरच्या गाडीत आयडल स्क्रूला हात लावायचा. इंजिन पूर्ण गरम, चोक आत, एअर फिल्टर जागेवर, एसी आणि दिवे बंद, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू मात्र अंदाजानं नको, तो पीयूसीच्या मशीनवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघत लावून घ्या. पीयूसी चाचणी आयडलिंगवरच होते. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे, भारत स्टेज-२ आणि ३ च्या गाड्यांना फक्त ०.५ टक्के. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत गाडी तपासली जाते, तेव्हाही वैध पीयूसी लागतंच.

इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू कंपनीतून बसवून येतो. तो फिरवून आवाज कमी करणं हा उपाय नाही.

चालत्या गाडीत रेस अडकली तर?

क्लच दाबा, गियर न्यूट्रलमध्ये घ्या आणि ब्रेक लावत गाडी डावीकडे आणा. इंजिन कितीही ओरडलं तरी चाकांकडे त्याची ताकद जात नाही. किल्ली मात्र गाडी थांबल्यावरच बंद करा. चालत्या गाडीत किल्ली काढली, तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

नुसतं 'गाडी रेस होते' म्हणू नका. ती थंड असताना होते की गरम झाल्यावर, वेग एकसारखा चढलेला असतो की वर-खाली होतो, एसी लावल्यावर काय होतं, आणि अलीकडे बॅटरी, केबल किंवा कूलंटचं काही काम झालंय का, हे सांगा. गाडी परत घेताना एकच प्रश्न विचारा: बिघाड नेमका कुठे सापडला? उत्तर 'स्क्रू सेट केला' एवढंच आलं, तर पैसे देण्याआधी पाईप आणि केबल दाखवायला सांगा.