डुबीची बातमी

विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राचं पहिलं मतदान केंद्र मणिबेलीत असतं आणि मतदान पथक तिथं होडीनं पोचतं. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यानं महाराष्ट्रात सर्वांत आधी गाठलेलं गावही हेच. सातपुड्याच्या उतरणीवर, नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा तालुक्याचं शेवटचं टोक. धरणाची भिंत जवळ होती, वर्तमानपत्राची कचेरी मात्र लांब. धरणाचं काम सुरू झालं तेव्हा नंदुरबार जिल्हाही नव्हता. कारभार धुळ्याहून चाले.

वीज नाही, फोन नाही. त्यात १९८८ मध्ये गुजरात सरकारनं धरणाच्या परिसरात शासकीय गुपितांचा कायदा लागू केला. अशा ठिकाणची बातमी बाहेर न्यायची तर माणसानंच चालायला हवं.

धरणाला विरोध करणाऱ्या नर्मदा बचाओ आंदोलनानं नेमकं तेच केलं. मणिबेलीत ‘नर्मदाई’ नावाची झोपडी उभी राहिली आणि १९९१ पासून पावसाळ्यातला सत्याग्रह सुरू झाला. किती घरं पाण्याजवळ आली, कोणाचं नाव पुनर्वसनाच्या यादीत नाही, कोणाला दाखवलेली जमीन कसण्याजोगी नाही, हे गावकरी सांगत. मग धुळे, बडोद्याच्या कार्यालयांतून पत्रकं निघत. मूळचे पत्रकार असलेले संजय संगवई आंदोलनात उतरून लिहीत राहिले. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यानं खोऱ्यातला संघर्ष टिपला. १९९५ मध्ये त्याचा ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट झाला.

ही बातमी तटस्थ नव्हती. सांगणाऱ्याचंच घर बुडणार होतं. पलीकडे धरणाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या कच्छ-सौराष्ट्राची तहानही खरी होती आणि गुजरातच्या वर्तमानपत्रांत तीच ठळक छापून येई. पण डुबीतल्या, म्हणजे बुडणाऱ्या गावांतल्या, माणसाच्या सांगण्यात एक गोष्ट होती: ते पडताळता येत होतं. घर दाखवता येई, शेत मोजता येई.

पडताळणारे आलेही. जागतिक बँकेनं नेमलेली ब्रॅडफर्ड मोर्स यांची समिती खोऱ्यात फिरली आणि जून १९९२ मध्ये पुनर्वसन व पर्यावरण, दोन्ही बाबतींत प्रकल्पाला सदोष ठरवून मोकळी झाली. त्याच महिन्यात एशिया वॉचनं खोऱ्यातल्या मानवाधिकारांच्या पायमल्लीवर अहवाल काढला. मार्च १९९३ अखेर प्रकल्पासाठीचं बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. पुढच्या वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये असा जाहीरनामा काढला. त्याला नाव दिलं मणिबेलीचं. नकाशावर शोधावं लागणारं गाव वॉशिंग्टनच्या टेबलावर गेलं.

धरण मात्र थांबलं नाही. १९९३च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला वाट दिली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटरपर्यंत भरला.

यादीचा झगडा मात्र कामी आला. पुनर्वसन पुरं झाल्याचं कागद म्हणत असताना महाराष्ट्र सरकारनं न्यायमूर्ती दाऊद यांची समिती नेमली. पुढे अधिकारी आणि आंदोलनाचे प्रतिनिधी मिळून गावोगाव नावं तपासायला बसले. पूर्वी पत्रकात छापलेली तक्रार आता सरकारी दप्तरात नोंदली जाऊ लागली.

आता त्या काळाचा इतिहासही पुस्तकात आला आहे. नंदिनी ओझा यांनी निमगव्हाणच्या केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांच्या तोंडून ऐकलेला लढा ‘लढा नर्मदेचा’ या नावानं राजहंस प्रकाशनानं २०१७ मध्ये छापला. त्यात बोलणारी माणसं खोऱ्यातलीच आहेत. ओझांनी ध्वनिमुद्रण केलं, ऐकून घेतलं आणि उतरवलं.