शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण रुग्ण बरा झाला का?

रुग्णालयांच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या ठळकपणे दिलेली असते. किती मोतीबिंदू काढले, किती सिझेरियन झाली, कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट किती टक्के पूर्ण झाले, हे आकडे सहज मिळतात. मात्र त्या रुग्णांपैकी महिनाभराने किती जण कामावर परतले, किती जणांच्या टाक्यांत पू झाला आणि किती जण घरी गेल्यावर दगावले, याची नोंद क्वचितच सापडते. केलेल्या कामाची मोजणी आणि त्या कामाच्या परिणामाची मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकशास्त्रात दुसऱ्या मोजणीला उपचारांची फलनिष्पत्ती मोजणे असे म्हणतात.

चोपडा तालुक्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. दक्षिणेला तापी आणि उत्तरेला सातपुडा, त्यापलीकडे मध्य प्रदेश, अशी तालुक्याची रचना आहे. चोपडा शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे. गुंतागुंतीचा रुग्ण सुमारे ५० किलोमीटरवरील जळगावला किंवा धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविला जातो. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. डोंगरपायथ्याच्या पाड्यावरील पावरा किंवा भिल्ल रुग्ण शस्त्रक्रियेनंतर घरी गेला, की तपासणीसाठी परत येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून आणि प्रवासखर्च सोसून येणे होय. अनेक कुटुंबे तर हंगामात मजुरीसाठी गावच सोडतात. असा रुग्ण परत आला नाही, तर तो बरा झाला असे गृहीत धरायचे काय, हा या विषयाचा कळीचा प्रश्न आहे.

फलनिष्पत्ती म्हणजे काय?

अव्हेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तपासण्यासाठी तीन बाजू सांगितल्या : साधने, प्रक्रिया आणि निष्पत्ती. खाटा, यंत्रे व डॉक्टर ही साधने. वेळेवर प्रतिजैविक देणे, हात निर्जंतुक करणे ही प्रक्रिया. रुग्णाचे अखेर काय झाले, ही निष्पत्ती. पहिल्या दोन बाजू रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत मोजता येतात. तिसरीसाठी रुग्णाच्या घरापर्यंत जावे लागते.

शस्त्रक्रियेची निष्पत्ती साधारणपणे पाच अंगांनी पाहिली जाते : मृत्यू, जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव यांसारखी गुंतागुंत, पुन्हा दाखल होण्याची अथवा पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ, रुग्णाची काम करण्याची क्षमता, आणि वेदना व जगण्याची प्रत याविषयी रुग्णाचे स्वतःचे म्हणणे. इंग्लंडमध्ये २००९ पासून गुडघा व खुबा बदलणाऱ्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर ठरावीक प्रश्नावली दिली जाते. असे प्रश्न आपल्याकडे जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. खानदेशातील शेतकऱ्याला मांडी घालून जेवायला बसता येते का, उकिडवे बसता येते का, निंदणी किंवा कापूसवेचणी जमते का, हे विचारल्याशिवाय गुडघ्याची खरी स्थिती कळणार नाही.

डॉ. कॉडमन यांचा आग्रह

या विचाराचा पाया अमेरिकेतील बोस्टन शहराचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी घातला. प्रत्येक रुग्णाचा पुरेसा काळ पाठपुरावा करावा, उपचार सफल झाले की नाही हे पाहावे आणि झाले नसतील तर का, हे शोधावे, एवढेच त्यांचे साधे सूत्र होते. ते सहकाऱ्यांना रुचले नाही. १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांची निष्पत्ती त्यांनी प्रसिद्ध केली आणि त्यात आढळलेल्या १२३ चुकाही उघडपणे नोंदविल्या. शतक उलटले तरी इतक्या मोकळेपणाने आपला हिशेब मांडणारी रुग्णालये थोडीच आहेत.

कोणत्या दिवशी मोजावे?

मोजणीचा दिवस बदलला की आकडा बदलतो. रुग्ण घरी जाईपर्यंतच मोजले, तर घरी गेल्यावर झालेला जंतुसंसर्ग दिसतच नाही. आणि जखमेतील पू अनेकदा घरी गेल्यावरच होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे ३० दिवस ही मुदत जगभर रूढ झाली आहे. ६६ देशांतील ३४३ रुग्णालयांत पचनमार्गाच्या शस्त्रक्रिया झालेल्या १२,५३९ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० दिवसांत शस्त्रक्रियेच्या जागी जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण मानव विकासात पुढे असलेल्या देशांत ९.४ टक्के, मध्यम गटात १४ टक्के, तर मागे असलेल्या देशांत २३.२ टक्के आढळले.

महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण अपघातग्रस्तांचे आहे. मुंबईतील केईएम व शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीतील एम्सचे ट्रॉमा केंद्र आणि कोलकात्याचे एसएसकेएम रुग्णालय यांनी २०१३ पासून जखमींची एकत्रित नोंदवही ठेवली. ११ हजारांहून अधिक दाखल रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत रुग्णालयात दगावल्याचे त्यातून दिसले. मात्र घरी गेल्यानंतरचे मृत्यू याही हिशेबाबाहेर राहिले.

शासकीय नियमांत मुदती एकसारख्या नाहीत. २००५ पासूनच्या कुटुंबनियोजन भरपाई योजनेत रुग्णालयात किंवा घरी गेल्यावर ७ दिवसांत झालेला मृत्यू, ८ ते ३० दिवसांतील मृत्यू, ६० दिवसांपर्यंतची गुंतागुंत आणि शस्त्रक्रियेचे अपयश अशा स्वतंत्र वर्गवाऱ्या केल्या गेल्या. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावसह उर्वरित राज्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेच्या मूळ रचनेत घरी गेल्यानंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे मोफत होती. उपचारांची सोय दहाव्या दिवशी संपते आणि मोजणीची रूढ मुदत तिसाव्या दिवशी. या दोहोंमधील दिवस रुग्णाच्या नशिबावर सोपविलेले असतात.

मोतीबिंदूचा धडा

निष्पत्ती मोजणे ग्रामीण भागात अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तर देते. येथे मोजमापाचे साधन म्हणजे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर रुग्णाला ६ मीटरवरून दिसले, तर त्याची दृष्टी ६/१८. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये सुचविलेल्या निकषानुसार शस्त्रक्रियेनंतर, जवळ असलेल्या चष्म्यासह, किमान ८० टक्के डोळ्यांची दृष्टी ६/१८ किंवा अधिक चांगली असावी आणि ६/६० पेक्षा कमी दृष्टीचे डोळे ५ टक्क्यांहून कमी असावेत.

देशातील २०१५ ते २०१९ च्या अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आढळले. त्याचा वाटा सुमारे ६६ टक्के होता. त्याच यादीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीचा वाटा सुमारे ७ टक्के होता. शस्त्रक्रियांची केवळ संख्या मोजणाऱ्या तक्त्यात हे रुग्णही यशस्वी म्हणूनच मोजले गेले असणार. आता या मोजणीची दिशा बदलते आहे. जागतिक आरोग्य परिषदेने २०२१ मध्ये स्वीकारलेल्या उद्दिष्टात, शस्त्रक्रियेची गरज असलेल्या सर्वांपैकी किती जणांना शस्त्रक्रिया मिळाली आणि त्यानंतर चांगले दिसू लागले, हे प्रमाण २०३० पर्यंत ३० टक्क्यांच्या अंकांनी वाढवायचे आहे. ही मोजणी घरोघरी जाऊन होते. त्यामुळे रुग्णालयात परत न आलेला, तसेच तेथे कधीच न पोहोचलेला माणूसही हिशेबात येतो.

छेद कोणता धरावा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शिबिरात १०० जणांची शस्त्रक्रिया झाली. महिन्याने ७० जण तपासणीला आले आणि त्यांपैकी ६३ जणांना चांगले दिसत होते. अहवालात यश ९० टक्के लिहिले जाईल. पण खात्रीने सांगता येते ते इतकेच, की १०० पैकी ६३ जण बरे आहेत, ७ जण बरे नाहीत आणि ३० जणांविषयी काहीच माहिती नाही. न आलेल्यांत बरे वाटल्यामुळे न आलेले असतील, तसेच त्रास होऊनही येऊ न शकलेलेही असतील. म्हणून प्रामाणिक अहवालात पाठपुराव्याचे प्रमाण निष्पत्तीच्या शेजारीच छापले पाहिजे.

तुलना न्याय्य हवी

आकडे प्रसिद्ध केले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. चोपड्याहून अत्यवस्थ रुग्ण जळगावला किंवा धुळ्याला गेला आणि तेथे दगावला, तर मृत्यू मोठ्या रुग्णालयाच्या खात्यावर पडतो. म्हणून रुग्ण कोठून व कोणत्या अवस्थेत आला, याची नोंद हवी. सातपुड्यातील आदिवासींमध्ये आढळणारा सिकलसेल आजार, रक्तक्षय आणि कुपोषण यांमुळे शस्त्रक्रियेचा धोका मुळातच वाढतो. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात हृदयशस्त्रक्रियेतील मृत्युदर १९९० च्या दशकापासून जाहीर होऊ लागले, तेव्हा ते जोखमीनुसार दुरुस्त केलेले होते. तरीही डॉक्टर अतिगंभीर रुग्ण टाळतील, ही भीती व्यक्त झालीच. शिवाय लहान रुग्णालयाचे आकडे फसवे असतात. ५० शस्त्रक्रियांत एक मृत्यू झाला तर दर २ टक्के आणि पुढील वर्षी एकही झाला नाही तर शून्य. यावरून सुधारणा सिद्ध होत नाही. तेथे तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहणे आणि प्रत्येक मृत्यूचे अन्वेषण करणे अधिक उपयोगी ठरते.

मोजणीने जीव वाचतात

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षिततेची तपासणीसूची आणली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची बाजू योग्य आहे ना, प्रतिजैविक दिले का, कापसाचे बोळे व अवजारे मोजली का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतील चाचणीत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. आधीचे आकडे मोजलेले होते, म्हणूनच हा फरक कळू शकला.

घरापर्यंत जाण्याचा मार्गही महाराष्ट्रानेच दाखविला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली व प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद ठेवली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये देशभर स्वीकारलेल्या कार्यक्रमात सिझेरियन झालेल्या मातेच्या घरी सातव्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशा कार्यकर्तीच्या पाच भेटी ठरविण्यात आल्या. म्हणजे एका शस्त्रक्रियेपुरती तरी घरपोच पाठपुराव्याची वाट तयार आहे. हर्निया, गर्भाशय किंवा मोतीबिंदूच्या रुग्णाकडे तिसाव्या दिवशी एक भेट अथवा एक दूरध्वनी जोडणे, त्यासाठी आशांना स्वतंत्र मोबदला देणे आणि ती नोंद रुग्णालयाच्या केसपेपरवर परत आणणे, एवढे केले तरी तालुक्याचा हिशेब उभा राहू शकेल.

रुग्णांनीही काही काळजी घ्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी ‘या शस्त्रक्रियेनंतर किती जणांना त्रास होतो?’ असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, वाढती वेदना, अंधुक दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुसरीकडे उपचार घेतल्यास पहिल्या रुग्णालयाला तसे कळवावे; अन्यथा तेथील नोंदवहीत आपण बरे झालेलेच राहतो.